होटगीवालीचं बी

संक्रांत होऊन गेली, गड्ड्याच्या जत्रेची गर्दी पांगली, आणि आमच्या केंद्रामागच्या रानात ज्वारी हुरड्यात आली. सकाळी खिडकी उघडली की आधी ओल्या ताटांचा वास आत येतो आणि त्याच्या मागून थंडी. याच सुमाराला दर वर्षी वरून एक तक्ता येतो. केंद्रानं वर्षभरात किती शोधनिबंध छापले, कुठं छापले, आणि जगातल्या किती संशोधकांनी आपापल्या निबंधांत त्यांचा उल्लेख केला, हे सगळं त्यात भरून द्यायचं असतं. ते काम माझं. मी इथली ग्रंथपाल. ज्वारीच्या आनुवंशिकीवर काम करणारं हे सोलापुरातलं लहानसं केंद्र आहे. सात-आठ खोल्या, बियांच्या बरण्यांचं एक शीतगृह आणि मागं रान, एवढाच त्याचा पसारा.

या उल्लेखांना आम्ही उद्धरणं म्हणतो. माझ्या जावेनं एकदा विचारलं होतं, ‘‘वैनी, तुमी दिवसभर तितं करता तरी काय?’’ मी म्हटलं, जगात कोण कोण आमचं नाव घेतं ते मोजते. ती म्हणाली, ‘‘मग उचक्या मोजा की, कागद कशाला?’’ इतकी नेमकी व्याख्या मला कुठल्याही ग्रंथालयशास्त्राच्या पुस्तकात मिळाली नव्हती. तेव्हापासून हा हंगाम माझ्या लेखी उचक्यांचा.

मराठी माणसाचे नावाशी फार उद्योग चालतात. मूल घराण्याचं नाव काढतं. शेजारी नावं ठेवतात. लग्न झालं की बाई नवऱ्याचं नाव लावते, आणि चार बायका आग्रह करतात तेव्हा लाजत लाजत ते घेते. संशोधकांचंही तेच असतं, फक्त ते लाजत नाहीत. एखाद्या निबंधात आपलं नाव घ्यायचं राहिलं तर विद्वान माणसं वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, हे मी या नोकरीत डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आमच्या शहराच्या नावाचाही असाच घोळ होता. जुन्या निबंधांत इंग्रजी सोलापूरच्या पोटात एक जास्तीचं अक्षर असायचं, साहेबाच्या काळातलं. नव्यांत ते गळालं. संगणकाला काय कळणार? त्यानं आमचं एक केंद्र फोडून दोन किडुकमिडुक केंद्रं करून ठेवली होती. मी पत्रं लिहून, पाठपुरावा करून ती दोन्ही परत एकत्र आणली. आमचं वजन एका दिवसात वाढलं. हे सांगते ते फुशारकी म्हणूनच सांगते. एका अक्षराची किंमत मला कळते, असा माझा तेव्हा समज होता.

चार हिवाळ्यांपूर्वीचा तो हंगाम मात्र वेगळा होता. त्या वर्षी तक्त्याला एक पत्र जोडलेलं होतं. भाषा गोड, मतलब सरळ. ज्या छोट्या केंद्रांच्या कामाची जग विशेष दखल घेत नाही, ती मोठ्या केंद्रांत विलीन करायचा विचार आहे. त्यासाठी समिती येऊन पाहील. विलीन म्हणजे दारावरची पाटी उतरणार, बरण्या ट्रकमध्ये चढणार, आणि बिराजदार सरांनी ज्या मातीत उभी हयात घालवली ती माती इथंच राहणार.

बिराजदार सर आमचे प्रमुख. अक्कलकोटकडचे. घरात कन्नड, रानात मराठी आणि निबंधात इंग्रजी असा त्यांचा हिशेब. राग आला की ते बोलत नसत, कन्नडमध्ये आकडे मोजत. ओंदु, एरडु, मूरु. पाचच्या पुढं गेले तर आम्ही खोलीबाहेर पडायचो. ते पत्र वाचून त्यांनी एकही आकडा मोजला नाही. हाफ स्वेटरच्या खिशातून हुरड्याचे दाणे काढून तोंडात टाकले आणि म्हणाले, ‘‘बाई, येऊ दे की समिती. आपल्याकडं होटगी लोकल आहे.’’

मीही बिनधास्त होते, त्याला कारण तेच. होटगी लोकल म्हणजे एक गावरान ज्वारी. सरांनी तरुणपणी गावोगाव हिंडून जे बियाण्यांचे नमुने गोळा केले होते, त्यांतला हा सतरा नंबरचा. जमीन भेगाळते, बाकीच्या ज्वारीची पानं करपून खडखडीत होतात, तेव्हाही या ताटांची पानं हिरवी राहतात आणि दाणा भरतच जातो. हे गुण कुठल्या वाटेनं पुढच्या पिढीत उतरतात, ते सरांनी शोधून काढलं आणि त्यावर निबंध लिहिला. तो निबंध आमच्या केंद्राचा कर्ता मुलगा निघाला. जिथं जिथं पाऊस दगा देतो, त्या त्या मुलखातल्या संशोधकांनी त्याचा आधार घेतला. ज्यांची नावं मला धड उच्चारताही येत नाहीत अशा माणसांच्या निबंधांखाली ‘होटगी’ हा शब्द छापलेला दिसायचा आणि मला उगाच भरून यायचं. कुठं ते होटगी जंक्शन, कुठं ही माणसं!

मी यादी करायला बसले. बाहेर ज्वारी चिकातून दाण्यात येत होती आणि आत माझे कागद वाढत होते. दुपारी उन्हाची तिरीप टेबलावर यायची, त्यात बसून मी एकेक उद्धरण तपासायचे. नोकरीतले माझे सगळ्यांत सुखाचे दिवस कोणते असं कुणी विचारलं तर मी तेच सांगेन. आणि त्याच सुखात ते टपाल आलं.

परदेशातल्या एका विद्यापीठातल्या संशोधक बाईंनी सरांना लिहिलं होतं. त्यांचा विद्यार्थी होटगीला येऊन गेला होता. मूळ बी आजही शेतात आहे का, एवढंच त्याला बघायचं होतं. होटगी आणि आसपासची गावं त्यानं पालथी घातली. तशी ज्वारी कुणी पाहिली नव्हती, ऐकलीही नव्हती. नमुना नेमका कुणाच्या शेतातला, हे कळवाल का? पत्र अगदी अदबीनं लिहिलेलं होतं.

सर म्हणाले, ‘‘बाई, माझी जुनी वही काढा.’’ वही मीच जपून ठेवली होती. तपकिरी पुठ्ठ्याची, पावसात भिजून फुगलेली. सतरा नंबर शोधला. पानाच्या डोक्यावर गावाचं नाव होतं: करकंब. आणि खाली सरांच्या तिरक्या अक्षरात, ‘१७. होटगीवालीचं. ताट ठेंगणं. पान हिरवं.’

मी ती ओळ वाचली आणि ‘वाली’पाशी अडकले. कारण लग्नानंतर पंधरा वर्षं माझ्या सासरी मला माझ्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. मी ‘अक्कलकोटवाली’ होते. थोरली जाऊ ‘बार्शीवाली’ होती. सून ज्या गावाहून येते त्या गावाच्या नावानं तिला हाक मारायची, ही आमच्या भागातली रीत. होटगीवाली म्हणजे होटगीची ज्वारी नव्हे. होटगीवाली म्हणजे करकंबात नांदणारी एक बाई, जिचं माहेर होटगी. बी तिचं, शेत करकंबचं. वहीतलं मराठी इंग्रजी रजिस्टरात उतरवताना ‘वाली’ गळाली आणि बाईचं गाव झालं. तिथून ते गाव निबंधात गेलं आणि निबंधातून जगभर. इतक्या वर्षांत ती वही कितीतरी पुरुषांनी उघडली असेल. कुणाला काही खटकलं नाही.

चूक एवढ्यावरही भागत नव्हती. निबंधाच्या शेवटी सरांनी एक परिच्छेद लिहिला होता. होटगीच्या भारी काळ्या रानानं आणि तिथल्या कोरड्या हवेनं हा गुण घडवला असावा, असा त्याचा आशय. लोकांनी त्यावर पुढचे इमले चढवले होते.

मी वही सरांपुढं ठेवली आणि ‘वाली’वर बोट ठेवलं. त्यांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. मी आकड्यांची वाट बघत होते. ते फक्त म्हणाले, ‘‘माझी आई आळंदची. तिला सगळे आळंदवालीच म्हणायचे. आणि मला कळलं नाही की हो.’’

मग मी जे बोलले ते लिहायला मला आजही जड जातं, पण लिहिते. मी म्हटलं, ‘‘सर, समिती पंधरा दिवसांवर आली. महिनाभर हे कुणाला सांगायला नको. त्या बाईंना उत्तर नंतर देऊ.’’ एका अक्षरासाठी पत्रं लिहिणारी मी, आता दोन अक्षरं महिनाभर लपवून ठेवायला निघाले होते. ‘‘आधी करकंबला जाऊ,’’ सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपनं निघालो. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच ज्वारीचा पट्टा. करकंबात चौकशी केली तर पहिल्याच दुकानदारानं विचारलं, ‘‘कंची होटगीवाली? मळ्यातली व्हय?’’ आमच्या जगप्रसिद्ध नमुन्याचा पत्ता त्याला तोंडपाठ होता.

होटगीवाली मळ्यात भेटली. साठीची, काटक. पदर खोचून आगटीतला जाळ सारखा करत होती. पाहुणे हुरड्यालाच आले असं तिनं गृहीत धरलं. सरांनी ओळख सांगितली, तिला काही आठवेना. आठवावं असं काही घडलंही नव्हतं. कुणीतरी तरुण माणूस ओंजळभर बी मागायला आला आणि तिनं दिलं. बी मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, हे तिच्या लेखी पाणी देण्याइतकं साधं होतं.

‘‘हे बी तुम्ही होटगीहून आणलं होतं का?’’ सरांनी विचारलं. मला कळलं, त्यांना आशा होती. ती हो म्हणाली असती तर निबंध तरला असता.

ती हसली. ‘‘होटगीवनं म्या फकस्त नाव आनलं. बी सासूचं हाय. म्या लगीन करून आले तवापासनं हितंच हाय की.’’

‘‘आणि हे असं शेवटपर्यंत हिरवं कसं राहतं?’’

‘‘ऱ्हातं कसं? ठिवावं लागतं.’’ ती उठली आणि आम्हाला रानात घेऊन गेली. काही ताटांना लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या होत्या, तांबड्या, निळ्या. ‘‘हुरड्याच्या आदीच बांधायच्या. म्हंजी पोरं कनसं मोडत न्हाईत. मग बगत ऱ्हायाचं. जे ताट वाळंल त्याची चिंदी सोडायची. काढनीला ज्याच्या अंगावर चिंदी ऱ्हाती, त्येवडंच बी. बाकी समदं खायाचं.’’

‘‘हे कुणी शिकवलं?’’

‘‘सासूनं. ती लई कडक. एक चिंदी चुकली तर दिसभर बोलायची न्हाई.’’

सर त्या चिंध्यांकडे बघत उभे राहिले. आमच्या शीतगृहात यालाच निवड म्हणतात आणि त्यावर प्रबंध लिहितात. होटगीच्या मातीनं आणि कोरड्या हवेनं काही घडवलं नव्हतं. करकंबच्या एका मळ्यात एक सासू आणि तिच्यामागून एक सून, दर वर्षी चिंध्या बांधत आणि सोडत होत्या. त्यात एका वर्षाचाही खंड पडला नव्हता.

परत आगटीपाशी आलो. तिनं गरम कणसं हातावर चोळली आणि दाणे शेंगाच्या चटणीबरोबर आमच्यापुढं ठेवले. सरांनी वही उघडली. ‘‘मावशी, तुमचं नाव सांगा. छापायचंय.’’

‘‘कंचं? म्हायेरी सुभद्रा. सासरी शेवंता ठिवलं.’’ क्षणभर विचार करून म्हणाली, ‘‘शेवंताच लिवा. पन बी माजं न्हवं. सासूचं म्हनून लिवा.’’

मला तिला मिठी मारावीशी वाटली. जगभरच्या विद्वानांच्या याद्या तपासून माझे डोळे गेले, आपण होऊन मूळ स्रोत सांगणारं माणूस क्वचितच भेटलं होतं. मी विचारलं, ‘‘सासूबाईंचं नाव काय?’’

ती आगटीतली राख काडीनं हलवत राहिली. ‘‘तिला समदी कुर्डुवाडीवाली म्हनायची.’’

‘‘ते झालं. पण त्यांचं नाव?’’

‘‘न्हाई ठावं,’’ ती म्हणाली आणि कणसं आणायला उठून गेली.

परतीच्या वाटेवर पंढरपूर मागं पडलं. मग सर म्हणाले, ‘‘बाई, ज्या कागदानं आपलं नाव काढलं, त्या कागदात तिचं नावच नाही. समिती काय करायचं ते करू दे की.’’ मी माझा महिनाभराचा सल्ला गिळला. त्याच आठवड्यात शुद्धिपत्र गेलं. परदेशातल्या बाईंनाही उत्तर गेलं. नमुना होटगीचा नसून करकंबचा आहे, मूळ निबंधातला मातीबद्दलचा निष्कर्ष आम्ही मागं घेत आहोत, आणि हा गुण शेतकरी स्त्रियांनी पिढ्यांच्या निवडीतून टिकवला आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. बी देणारी, शेवंता. तिला बी आणि पद्धत देणारी, तिची सासू, नाव अज्ञात. त्याचा मराठी तर्जुमा मी स्वतः केला आणि करकंबला पाठवून दिला.

समिती आली. आमच्या तक्त्यात सगळ्यांत वरचा निबंध होता आणि त्याच्याच खाली आम्ही स्वतः जोडलेली चूक. समितीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी ते दोनदा वाचलं आणि वही बघायला मागितली. मी ‘वाली’चा अर्थ सांगितला तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. केंद्र राहिलं. ते त्या हसण्यामुळे राहिलं, सरांच्या खरेपणामुळे राहिलं की मुळातच राहणार होतं, हे मला माहीत नाही आणि मी श्रेय घेणार नाही. पाटी दारावर आहे, बरण्या जागच्या जागी आहेत, सर आता निवृत्तीला आले तरी त्याच हाफ स्वेटरात येतात. जग अजूनही बरेचदा ‘होटगी लोकल’ असंच लिहितं. चूक धावते, दुरुस्ती चालत जाते. पण गेल्या वर्षी दोन नव्या निबंधांत ‘करकंब’ छापून आलेलं मी पाहिलं आणि त्या दिवशी कचेरीत पेढे वाटले. पेढे कशाचे म्हणून विचारलं तेव्हा सांगितलं, करकंबला उचकी लागली.

यंदाचा तक्ता परवा आला. काल दुपारी मी त्याच तिरिपेत कागद मांडून बसले होते तेव्हा फोन वाजला. करकंबचा होता.

‘‘बाई, वळकलं का? होटगीवाली.’’

तिच्या धाकट्या मुलाचं लग्न झालंय. नवी सून शिकलेली आहे. तिनं ट्रंकेतला माझा तर्जुमा काढून सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. होटगीवालीनं तो पहिल्यांदाच पुरता ऐकला.

‘‘त्यात अज्ञात म्हनून लिवलंय. म्या पोरीला इचारलं, अज्ञात म्हंजी काय गं? ती म्हनली, कुनालाच ठावं न्हाई त्ये. बाई, लई वंगाळ वाटलं. ठावं न्हाई कसं? मला ठावं हाय की.’’

‘‘पण तेव्हा तुम्ही…’’

‘‘तवाबी ठावं हुतं. सासूचं नाव कसं घ्यायाचं? आजवर घेतलं न्हाई. त्या दिशी तोंडातनं निगंना.’’

मला तरी ते आधी कळायला हवं होतं. वहीतली गळलेली ‘वाली’ मला एका नजरेत दिसली होती, पण आगटीपाशी एक सून समोर बसून राख हलवत होती, तिचं न बोललेलं मला ऐकू आलं नव्हतं. शुद्धिपत्राचं शुद्धिपत्र कुणी छापत नाही. तरी मी पेन उचललं. सतरा नंबरच्या बरणीवरची चिठ्ठी तर मीच लिहिते.

‘‘सांगा,’’ मी म्हटलं. ‘‘लिहिते.’’

पलीकडे तिनं श्वास घेतला. बांगड्या वाजल्या, बहुधा पदर डोक्यावर घेतला असावा. मग नवी नवरी घेते तसं घाईनं, एका दमात तिनं नाव घेतलं.

‘‘भागीरथी.’’

मी लिहिलं.

‘‘लिवलं?’’

‘‘लिहिलं.’’

मागं रानातली पाखरं हाकलल्याचा आवाज येत होता.

‘‘आता तुमी तुमच्या सासूचं घ्या,’’ ती म्हणाली.

मी नाव घेतलं.